शंभर मीटरची अरवली: पर्वतांच्या वयाची आणि उंचीची पार्श्वभूमी

अरवली कशाला म्हणायचे, यावर २०२५च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टेकडीच्या उंचीवर आधारलेली एक व्याख्या मान्य केली आणि डिसेंबर संपायच्या आत स्वतःच तिला स्थगिती दिली. या दोन तारखांच्या मधल्या आंदोलनांत, चर्चांत आणि मथळ्यांत "जगातली अतिप्राचीन पर्वतरांग" आणि "शंभर मीटर" हे दोन शब्दप्रयोग सतत जोडीने आले. एक वयाचा, दुसरा उंचीचा. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मात्र फारसे कुणी उलगडून सांगितले नाही.

ढोबळ नियम असा की जगातले उंच पर्वत वयाने लहान असतात. भारतीय भूखंड आशियाला साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी धडकला आणि तो रेटा अजून चालू आहे, म्हणून हिमालय ८,८४८ मीटरवर आहे. दक्षिण अमेरिकेत समुद्रतळाचे भूपट्ट खंडाखाली सरकत असल्याने अँडीज उभा आहे आणि त्याचे अकोंकाग्वा शिखर ६,९६१ मीटरचे आहे. आल्प्सही याच तरुण पिढीतला. याउलट युरोप आणि आशियाच्या सीमेवरचा उरल २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी घडला. आज त्याचे सर्वोच्च शिखर १,९०० मीटरलाही पोचत नाही. उत्तर अमेरिकेतला अ‍ॅपलाचियन आफ्रिकेशी झालेल्या टकरीतून उभा राहिला. तो एकेकाळी आल्प्सच्या तोडीचा होता असे भूवैज्ञानिक मानतात. आज २,०३७ मीटरच्या पुढे तो जात नाही. ऑस्ट्रेलियात सगळ्यात उंच जागा २,२२८ मीटरची. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटनच्या डोंगरांत साडेतीनशे कोटी वर्षांच्या घरातले खडक आहेत आणि ते डोंगर १,८०० मीटरच्या आसपास थांबतात.

झीज ही यातली अर्धीच बाजू. पर्वताच्या पोटात खडकाचे खोल मूळ असते. माथा झिजून भार हलका झाला की ते मूळ हळूहळू वर येते आणि झिजलेली उंची काही अंशी भरून काढते. म्हणूनच जुने पर्वत कोट्यवधी वर्षे टिकतात, एकदम सपाट होत नाहीत. कधी तर मेलेला पर्वत पुन्हा उठतो. मध्य आशियातला तिएन शान मुळात फार जुना. भारताच्या धडकेचा रेटा शेकडो किलोमीटर उत्तरेपर्यंत पोचला आणि तो नव्याने वर आला. आज त्याचे शिखर ७,४३९ मीटरवर आहे. खडक जुने, उंची नवी. तेव्हा "पर्वताचे वय" म्हणताना दगड कधी घडला हे विचारायचे की तो दगड वर कधी आला हे, ते आधी ठरवावे लागते.

आपल्या भागाला हा प्रश्न थेट लागू आहे. सोलापूरच्या शिवारात एखाद्या विहिरीच्या कापात उतरून पाहिले तर वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कठीण कातळ, त्याखाली भुसभुशीत मांजऱ्या खडक, कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा आणि पुन्हा काळा कातळ असे थर दिसतात. लाव्हा वाहिला, थंड झाला, त्याच्या माथ्याची माती झाली आणि तिच्यावरून पुढचा लाव्हा आला, याची ही नोंद. हे सारे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. सह्याद्रीचा महाराष्ट्रातला भाग याच थरांचा आहे. तो दोन भूखंडांच्या टकरीतून वळ्या पडून उठलेला नाही. लाव्ह्याच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड म्हणजे आपला सह्याद्री. त्याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर दक्षिण आफ्रिकेतला ड्राकेन्सबर्ग घ्यावा. त्याचाही माथा लाव्ह्याचा, पण सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि उंची साडेतीन हजार मीटरच्या जवळ. म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या दुपटीहून जास्त, आणि वयाने जवळजवळ तिप्पट. वर सांगितलेला ढोबळ नियम इथे उलटा पडतो.

या थरांच्या खाली काय आहे, याचे उत्तर एका मोठ्या दुःखानंतर मिळाले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी परिसरात भूकंप झाला. सोलापुरातही लोक घराबाहेर धावले. पुढे अभ्यासासाठी किल्लारीत खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटरवर लाव्ह्याचे थर संपले आणि खाली अतिप्राचीन खडक लागला. तो आपल्याला अनोळखी नाही. सोलापूर–गदग रेल्वेने विजयपूरच्या पुढे गेले की काळा दगड संपतो, बदामीला तांबडा वालुकाश्म दिसतो, आणि हंपीकडे अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले ग्रॅनाइटचे गोटे उघड्यावर पडलेले असतात. त्याच जातीची जमीन आपल्या पायाखाली लाव्ह्याने झाकलेली आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, निलगिरी आणि अनाईमुडीच्या बाजूला, हा लाव्हा पोचलाच नाही. तिथले डोंगर त्या जुन्या खडकांचेच. त्यामुळे "सह्याद्री हिमालयापेक्षा जुना" हे वाक्य बरोबर असले तरी ते एका रांगेत दोन अगदी वेगळी वये झाकून टाकते.

आता अरवली. गुजरातपासून दिल्लीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरलेली ही रांग घडत गेली त्याला शंभर ते दोनशे कोटी वर्षे झाली. गुरुशिखर १,७२२ मीटरचे. ईशान्येकडे जाता जाता रांग तुटक होते आणि टेकड्या जमिनीच्या बरोबरीला येऊ लागतात. पण त्या तडे गेलेल्या कठीण खडकांतून पावसाचे पाणी खाली मुरते, थरच्या वाळवंटातल्या वाळूला त्या अडवतात, आणि नेमक्या त्याच टेकड्यांत दगडाच्या खाणी आहेत. २०१८ मध्ये राजस्थानातल्या ३१ टेकड्या नाहीशा झाल्याची माहिती न्यायालयापुढे आली, तेव्हा लोक हनुमान झाले आहेत का, असा प्रश्न न्यायपीठाने विचारला होता.

२० नोव्हेंबर २०२५ला मान्य झालेल्या व्याख्येनुसार भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर वा अधिक उंच असलेले भूरूप म्हणजे अरवली टेकडी, आणि अशा दोन किंवा अधिक टेकड्या एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असल्या तर ती अरवली रांग. निकष नवा नव्हता, राजस्थानात तो आधीपासून वापरात होता. व्याख्येच्या बाजूने असे सांगितले गेले की पात्र टेकडीचा माथाच काय, पायथ्यापर्यंतचे उतारही संरक्षणात येतात, चार राज्यांत एकच मोजमाप राहते, आणि सविस्तर आराखडा होईपर्यंत नवे खाणपट्टे द्यायचे नाहीत असे त्याच आदेशात आहे. हे मुद्दे खरे आहेत. विरोधकांनी पुढे केलेला आकडा मात्र लोकांच्या मनात बसला: राजस्थानच्या १५ जिल्ह्यांतल्या २० मीटर वा त्याहून उंच अशा १२,०८१ टेकड्यांपैकी फक्त १,०४८ या निकषात बसतात. नव्वद टक्के अरवली उघडी पडेल हा निष्कर्ष सरकारी बाजूने फेटाळला.

आकड्यावरचा वाद बाजूला ठेवला तरी निकषातच अडचण उरते. जो पर्वत झिजून झिजून इतका खाली आला, त्याच्याकडे उंचीचा दाखला मागणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला धावायला लावून त्याचे वय ठरवण्यासारखे आहे. आणि "भोवतालची जमीन" कुठली, हेही सरळ नाही. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना शेवटी घाट चढावाच लागतो. बालाघाट त्यांच्या पोटऱ्यांना चांगलाच कळतो. त्याच तुळजापूरला लातूरच्या बाजूने पठारावरून येणाऱ्याला डोंगर असा लागतच नाही. सह्याद्रीचेही तेच. कोकणातून पाहिले तर हजार मीटरची भिंत, देशावरून पाहिले तर बऱ्याच ठिकाणी साधा चढ. एका बाजूने डोंगर आणि दुसऱ्या बाजूने माळ असलेल्या भूरूपाला एकच आकडा लावताना कुणाला तरी पायथ्याची रेघ निवडावी लागते, आणि त्या रेघेवर खाणीचा परवाना अवलंबून असतो.

उंचीचे मोजमाप सर्वोच्च शिखराबाबतही निर्विवाद नव्हते. १८५६ मध्ये एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. २००५ मध्ये चीनने बर्फ वगळून खडकाचा माथा धरला आणि ८,८४४.४३ मीटर सांगितले. नेपाळ ८,८४८वर ठाम राहिला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये दोघांनी मिळून ८,८४८.८६ हा आकडा दिला. तिथे वाद चार मीटरचा होता आणि त्यावर कुणाचे पाणी अवलंबून नव्हते.

२९ डिसेंबर २०२५च्या स्थगितीबरोबर न्यायालयाने नव्या तज्ज्ञ समितीचा विचार मांडला आणि तपासायचे प्रश्नही लिहून दिले. १,०४८ आणि १२,०८१ हे आकडे खरे आहेत का, हा त्यातला एक. दुसरा असा: शंभर मीटरच्या दोन टेकड्यांमध्ये ५०० मीटरहून जास्त अंतर असेल, तर मधल्या जागेत खाणकाम चालू द्यायचे का, आणि तसे झाले तर रांगेची सलगता कशी राखायची.