कापसावरील आयात शुल्काची सूट आणि तिची मुदतवाढ : २००८ ते २०२५

केंद्र सरकारने १८ ऑगस्ट २०२५ रोजी अधिसूचना काढून परदेशातून येणाऱ्या कच्च्या कापसावरील, म्हणजे सरकी काढलेल्या रुईवरील, ११ टक्के आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले. दहाच दिवसांनी, २८ ऑगस्टला, ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. या दोन निर्णयांच्या मध्ये २७ ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालावर बसवलेले एकूण ५० टक्के शुल्क लागू झाले होते. वस्त्रोद्योगाने दोन्ही निर्णयांचे स्वागत केले, तर संयुक्त किसान मोर्चासह अनेक शेतकरी संघटनांनी त्यांना कडाडून विरोध केला. त्यानंतरची बरीचशी चर्चा शुल्क असावे की नसावे या एका प्रश्नाभोवती फिरली. कापूस पिकवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र शुल्काच्या दराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व सूट कोणत्या महिन्यांत लागू राहते याला आहे, आणि या मुदतवाढीचे वेगळेपण तिच्या तारखांमध्ये आहे.

आधी या ११ टक्क्यांची फोड पाहू. त्यात ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आणि या दोहोंच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ टक्का, असे तीन भाग आहेत. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ नुसार सार्वजनिक हितासाठी शुल्कात सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि त्यासाठी एक अधिसूचना पुरते. सूट द्यायला, वाढवायला किंवा मागे घ्यायला दर वेळी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. उद्योगावर अचानक संकट आले तर सरकारला तातडीने हालचाल करता यावी म्हणून ही तरतूद उपयोगी आहे. पण जूनमध्ये भाव आणि हमीभाव पाहून पेरणी केलेल्या शेतकऱ्यासमोरचा बाजार ऑगस्टमध्ये एका रात्रीत बदलू शकतो, तोही याच तरतुदीमुळे.

हा वाद २०२५ मध्ये सुरू झालेला नाही. २००८ पूर्वी रुईच्या आयातीवर एकूण १४ टक्के शुल्क होते. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला होता त्या काळात, म्हणजे २००५-०६ च्या सुमारास, अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या भरघोस अनुदानामुळे जागतिक भाव पडतात, म्हणून भारताने आयात शुल्क वाढवावे, ही मागणी शेतकरी नेते सातत्याने करत होते. ती निराधार नव्हती. अमेरिकी कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली होती आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. विदर्भात पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ च्या जून अखेरीस येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. शुल्काचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. जुलै २००८ मध्ये, देशात रुईचे भाव चढले असताना, गिरण्यांच्या मागणीवरून १४ टक्के शुल्क पूर्ण काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला २,०३० रुपयांवरून ३,००० रुपयांवर नेण्यात आल्यामुळे या निर्णयाची झळ शेतापर्यंत फारशी पोहोचली नाही. शुल्क काढायचे तर त्याच वेळी शेतकऱ्यालाही ठोस काही द्यावे लागते याचे ते एक उदाहरण होते, आणि पुढच्या काळात ते पुन्हा दिसले नाही.

पुढची साडेबारा वर्षे रुईची आयात शुल्कमुक्त राहिली. भारत या काळात मोठा कापूस निर्यातदार होता आणि २०१३-१४ मध्ये तर उत्पादन ३९८ लाख गाठींपर्यंत (एक गाठ १७० किलो रुईची) गेले होते, त्यामुळे आयातीचा प्रश्न मुख्यतः अतिरिक्त लांब धाग्याच्या रुईपुरता राहिला. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी शेतकऱ्यांच्या हितासाठी म्हणून कापसावर १० टक्के शुल्क जाहीर केले, जे अधिभार धरून ११ टक्के झाले.

पहिली सूट चौदा महिन्यांनी आली. २०२१-२२ च्या हंगामात पीक कमी आले, करोनानंतर जगभर मागणी उसळली आणि मे २०२२ मध्ये देशात रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या पुढे गेली. तामिळनाडूतील सूतगिरण्या आणि कापड उद्योग हवालदिल झाले. भाव असे चढत असतानाच, १४ एप्रिल २०२२ पासून ३० सप्टेंबरपर्यंत शुल्क माफ झाले आणि नंतर ही मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली. त्या सुटीविरुद्ध शेतकऱ्यांचा फार मोठा आक्रोश झाला नाही, याला दोन कारणे होती. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ बहुतेक शेतकऱ्यांनी कापूस विकून टाकल्यानंतरचा होता. शिवाय जागतिक भावच तेव्हा पौंडाला दीड डॉलरपर्यंत चढले असल्यामुळे शुल्क काढूनही बाहेरची रुई स्वस्त पडत नव्हती. मुदतवाढ वेचणीच्या पहिल्या महिन्यापाशी थांबली आणि आवकेचा मुख्य काळ शुल्काच्या संरक्षणाखाली राहिला.

यानंतर दोन छोट्या सवलती आल्या. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला आणि त्यात वर्षाला ५१,००० टन, म्हणजे सुमारे तीन लाख गाठी, रुई शुल्काविना आणण्याची मुभा मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरपेक्षा लांब, म्हणजे अतिरिक्त लांब, धाग्याच्या रुईवरील शुल्क काढण्यात आले. असा कापूस आपल्याकडे फारच थोडा पिकतो, त्यामुळे वऱ्हाड-खानदेशातील उत्पादकाला त्याची थेट स्पर्धा नाही. या सवलतीला कोणी शेतकरीविरोधी म्हणत असेल तर ते मला पटत नाही.

२०२५ ची परिस्थिती सगळ्याच बाजूंनी वेगळी होती. अमेरिकेने २ एप्रिलला भारतीय मालावर २६ टक्के शुल्क जाहीर केले, मग ते स्थगित ठेवले, वाटाघाटी लांबल्या, ७ ऑगस्टपासून २५ टक्के शुल्क लागू झाले आणि रशियाकडून तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून बसले. बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के व पाकिस्तानवर १९ टक्के शुल्क असताना भारताचे कपडे ५० टक्क्यांवर गेले. अमेरिकेला होणारी आपली वस्त्रे व तयार कपड्यांची निर्यात वर्षाला ११ अब्ज डॉलरच्या आसपास होती. तिरुपूरपासून नोएडापर्यंत तयार कपड्यांच्या कारखान्यांमध्ये लाखो कामगार आहेत, त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यासमोरचे संकट खरे होते. उद्योगाने कच्चा माल तरी जागतिक भावात मिळावा अशी मागणी केली आणि सरकारने ती मान्य केली.

पण हा निर्णय केवळ गिरण्यांसाठी होता की वॉशिंग्टनला दाखवण्यासाठीही होता, हा प्रश्न त्याच दिवसापासून विचारला गेला, कारण अमेरिका हा रुईचा जगातील एक प्रमुख निर्यातदार देश आहे आणि आपल्या शेतमालाला भारताची बाजारपेठ खुली व्हावी ही तिची वाटाघाटींतील मुख्य मागणी होती. ७ ऑगस्टला दिल्लीत एम. एस. स्वामिनाथन जन्मशताब्दी परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शेतकरी, मच्छीमार आणि दुग्धोत्पादकांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. त्याला अकरा दिवस होत आहेत तोच कापसाची अधिसूचना निघाली. सूट कोणत्या एका देशापुरती नव्हती, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकी देशांच्या रुईलाही ती लागू होती, हे खरे आहे. तरीही शेतकऱ्याला त्या दोन घटनांमधील विसंगती बोचली आणि ती बोचणे रास्त होते.

आता मुदतवाढीकडे येऊ. आयात मालावर शुल्काचा दर ठरतो तो सौदा झाला त्या दिवसाचा नसतो. माल बंदरात येऊन बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे द्यायचे आयातीचे विवरण, दाखल होते, त्या वेळचा दर लागू होतो. अमेरिका किंवा ब्राझीलमधून रुई न्हावा-शेवा, मुंद्रा किंवा तुतिकोरिनला यायला दीड-दोन महिने सहज लागतात. त्यामुळे १९ ऑगस्टला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपणारी सूट ही प्रत्यक्षात आधीच वाटेवर असलेल्या किंवा बंदरात पडून असलेल्या मालापुरतीच होती. नवे सौदे तिच्यात बसत नव्हते. तिचा फायदा मर्यादित होता आणि तोटाही मर्यादित होता, कारण ती नव्या हंगामाच्या उंबरठ्यावर संपत होती. ३१ डिसेंबरपर्यंतच्या मुदतवाढीने हे चित्र पालटले. आता नवे सौदे करून माल वेळेत उतरवता येणार होता, आणि तो उतरणार होता ते नेमके ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत.

या तीन महिन्यांचा अर्थ कापूसपट्ट्याला सांगावा लागत नाही. दसऱ्याच्या सुमारास पहिली वेचणी होते, वेचणीच्या आरंभीची सीतादहीची पूजा होते आणि दिवाळीच्या खर्चासाठी, बियाण्या-खतांची उधारी फेडण्यासाठी आणि वेचणीची मजुरी देण्यासाठी पहिला कापूस बाजारात न्यावाच लागतो. भाव वाढण्याची वाट पाहणे ज्यांना परवडते ते कापूस घरात भरून फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबतात. कोरडवाहू अल्पभूधारकाला ते जमत नाही, आणि तो बहुतेकदा खेडा खरेदीत, गावात आलेल्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने माल देतो. सूट त्याच्या विक्रीच्या काळाशी जुळवली गेली. हे जाणीवपूर्वक झाले असे मी म्हणत नाही, पण अधिसूचनेवर सही होताना पिकाचे वेळापत्रक कोणी समोर ठेवले नव्हते एवढे मात्र स्पष्ट दिसते.

भावावर परिणाम व्हायला माल येण्याचीही वाट पाहावी लागली नाही. सूट लागू होताच भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्याकडील रुईच्या विक्रीचे दर दोन दिवसांत मिळून खंडीमागे अकराशे रुपयांनी उतरवले. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, त्या हिशेबाने ही घट कापसाच्या क्विंटलमागे शंभर रुपयांच्या आसपास येते. रक्कम छोटी वाटेल. पण २०२४-२५ मध्ये सीसीआयने हमीभावाने सुमारे १०० लाख गाठींचा, म्हणजे देशाच्या पिकाच्या जवळपास एक तृतीयांश, कापूस घेतला होता, आणि एवढा साठा ज्याच्या हाती आहे त्याने दर उतरवले की खासगी जिनिंगवाला त्याच्या वर जात नाही. शिवाय २०२२ च्या उलट या वेळी जागतिक भाव पौंडाला ७० सेंटच्या खाली होते, त्यामुळे शुल्क हटताच बाहेरची रुई खरोखरच देशी रुईपेक्षा स्वस्त पडू लागली. कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाच्या अंदाजानुसार सप्टेंबरअखेर संपलेल्या हंगामात सुमारे ४१ लाख गाठी आयात झाल्या, तर आदल्या हंगामात त्या १५ लाखांच्या घरात होत्या.

सरकारचे उत्तर असे होते की हमीभाव हे शेतकऱ्याचे कवच आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव होता, आणि सीसीआय खरेदी करेल असे आश्वासनही होते. कागदावर हे उत्तर पुरेसे आहे. प्रत्यक्षात खरेदीसाठी ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी हवी होती आणि कापसातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांत हवा होता. त्या सप्टेंबरात मराठवाडा आणि विदर्भात अतिवृष्टी झाली, बोंडे भिजली, आणि पहिल्या वेचणीचा कापूस १२ टक्क्यांच्या मर्यादेत बसेना. असा माल खासगी बाजारात गेला आणि तिथे सात हजारांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही खाली, विकला गेला.

निर्यातीच्या युक्तिवादाचीही एक बाजू नोंदवली पाहिजे. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल शुल्काविना आणण्याची सोय अॅडव्हान्स ऑथोरायझेशन योजनेत आधीपासूनच आहे, म्हणजे अमेरिकी शुल्काचा फटका बसलेल्या मालापुरता दिलासा सरसकट सूट न देताही देता आला असता. यावर उद्योगाचे म्हणणे असे की ही योजना मोठ्या, एकात्मिक गिरण्यांना जमते, पण बाजारातून सूत घेणाऱ्या छोट्या कपडे उत्पादकाला तिचा उपयोग होत नाही. हे म्हणणे खरे आहे. पण मग उपाय त्या छोट्या उत्पादकापर्यंत योजना पोहोचवण्याचा हवा होता. देशांतर्गत बाजारासाठी विणल्या जाणाऱ्या कापडालाही तीच माफी देण्याची गरज होती असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मुळाशी प्रश्न उत्पादनाचा आहे. भारताची उत्पादकता हेक्टरी साधारण ४५० किलो रुईच्या आसपास अडकली आहे, जगाची सरासरी ८०० किलोच्या घरात आहे आणि कोरडवाहू महाराष्ट्र देशाच्या सरासरीहूनही मागे आहे. बोंडअळीला रोखणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि सुधारित बोलगार्ड-२ वाण २००६ मध्ये आले. त्यानंतर त्याहून सुधारित जनुकीय वाण अधिकृतपणे शेतकऱ्याच्या हाती आले नाही आणि गुलाबी बोंडअळीने जुन्याला दाद देणे थांबवले. पीक घटले म्हणून गिरण्या आयात मागतात, आयातीने भाव पडतात, भाव पडला की शेतकरी सोयाबीन किंवा मक्याकडे वळतो आणि पुढच्या वर्षी पीक आणखी घटते.

३१ डिसेंबर २०२५ ला मुदत संपली. गिरण्यांच्या संघटनांनी ती आणखी वाढवण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली नाही आणि १ जानेवारी २०२६ पासून ११ टक्के शुल्क परत लागू झाले. अतिरिक्त लांब धाग्याच्या रुईची सवलत आणि ऑस्ट्रेलियाचा कोटा तेवढा कायम राहिला. तोवर बाहेरची रुई गिरण्यांच्या गोदामांत पोहोचली होती आणि हातातोंडाशी गाठ असलेल्या शेतकऱ्यांचा पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस विकला गेला होता.