छाटणीचे दिवस आणि विजांचे दिवस

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत मजुरांची लगबग वाढते ती दोन छाटण्यांच्या सुमारास. एप्रिलच्या खरड छाटणीमागोमाग (वेलीला नव्या काड्या फुटाव्यात म्हणून करतात ती) वळीव येतो, ऑक्टोबरच्या फळछाटणीला परतीचा पाऊस. आपल्याकडच्या विजाही बहुतेक याच दोन पावसांतल्या. काड्या विरळायला बायका मांडवाखाली असतात आणि आभाळ भरून येतं, याची मला खरोखर काळजी वाटते.

उन्हाने तापलेली दमट हवा वेगाने वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. त्यात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात. हलके कण धनभार घेऊन वर जातात, जड गारा ऋणभार घेऊन खाली राहतात. हा ताण हवेला पेलवेनासा झाला की वीज कोसळते.

ती थेट डोक्यावर पडायलाच हवी असं नाही. मांडवाच्या तारा अख्ख्या बागेभर फिरलेल्या असतात. एका टोकाला वीज पडली तर दुसऱ्या टोकाला तारेला हात लावलेल्या माणसालाही झटका बसू शकतो. झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या माणसावर उडी मारते, उरलेली जमिनीत पसरते. जमिनीतल्या दोन बिंदूंमधला विद्युतदाब वेगवेगळा असल्याने प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, शिवाय वाटेत काळीज. म्हणूनच जत-आटपाडीच्या माळावर झाडाखाली दाटलेल्या मेंढ्यांना मोठा धोका असतो.

गडगडाट ऐकू आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलोच. पाऊस सुरू व्हायची वाट पाहू नये. पक्कं घर किंवा काचा लावलेली चारचाकी गाठावी. झाड, उघडं शेड, उघडा ट्रॅक्टर यांचा आसरा नको. मोटर बंद करायला स्टार्टरकडे पळू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच थांबावं. मुकादमाच्या फोनवर पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप असलं, तर टोळीला वेळेत बाहेर काढता येतं.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला बेधडक हात लावा. श्वास थांबला असेल, तर एकाला १०८ ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. हात दमले की दुसऱ्याला बसवा, पण दाबणं थांबवू नका.