ॲक्युपंक्चर व नैराश्यग्रस्त मेंदू

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर सुई टोचली असता नैराश्यग्रस्त व्यक्तीच्या मेंदूच्या कार्यात होणारे बदल. एफएमआरआय तंत्राने रक्तातील प्राणवायूचे चढउतार टिपून मेंदूचा कोणता भाग केव्हा कार्यरत होतो हे पाहता येऊ लागले, तेव्हापासून या विषयाचा प्रयोगांतून शोध घेतला जात आहे.

नैराश्यासाठी मुख्यतः डोक्याच्या माथ्यावरचा बायहुई आणि दोन भुवयांमधला यिनतांग हे बिंदू वापरतात. मनगटाजवळचा नेइगुआन व गुडघ्याखालचा झूसानली अनेकदा जोडीला घेतात. सुई आत गेल्यावर उपचारक ती चिमटीत धरून हलकेच फिरवतो. त्या जागी जडपणा, बोथट ठणका किंवा मुंग्या जाणवतात. चिनी परंपरेत या संवेदनेला 'दची' म्हणतात. तिला किती महत्त्व आहे, ते कॅथलीन हुई व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. अंगठा व तर्जनी यांमधल्या हेगू बिंदूवर सुई फिरवताना १३ निरोगी व्यक्तींपैकी ज्या ११ जणांना दची जाणवली, त्यांच्या अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस इत्यादी भावनांशी निगडित भागांतील संकेत घटले. उरलेल्या दोघांना नुसतेच दुखले, आणि त्यांच्या मेंदूत काही ठिकाणी संकेत उलट वाढले.

नैराश्यात अमिग्डाला दुःखद गोष्टींना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतो. माणूस स्वस्थ बसलेला असताना कार्यरत राहणाऱ्या 'डिफॉल्ट मोड' जाळ्यातील जोडण्याही अनेक रुग्णांत बिघडलेल्या आढळतात. त्याच त्या विचारांच्या रवंथाशी या बिघाडाचा संबंध जोडला जातो. म्हणून नैराश्यावरील ॲक्युपंक्चरच्या अभ्यासांचा भर याच भागांवर आहे.

मात्र टोचणे, स्पर्श आणि बरे वाटण्याची अपेक्षा यांनीही मेंदूत बदल होतात. तो बदल त्या विशिष्ट बिंदूमुळेच झाला, हे सिद्ध करणे फार अवघड आहे. १९९८ साली पायाच्या करंगळीजवळील, डोळ्यांच्या विकारांसाठी वापरला जाणारा बिंदू मेंदूतील दृष्टीशी निगडित भाग जागवतो, असा दावा झांग-ही चो व सहकाऱ्यांनी केला आणि तो जगभर गाजला. २००६ मध्ये चो यांच्यासह अनेक लेखकांनी तो निष्कर्ष मागे घेतला. त्याच वर्षी १५१ रुग्णांवरील एका अमेरिकी चाचणीत नैराश्यासाठी निवडलेले बिंदू इतर बिंदूंहून सरस ठरले नाहीत. इंग्लंडमध्ये ७५५ रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची जोड दिल्यावर तीन महिन्यांनी नैराश्य अधिक कमी झाले, पण समुपदेशनाचाही जवळपास तेवढाच उपयोग झाला. या चाचणीत तुलनेसाठी खोटी सुई, म्हणजे खरा उपचार केल्याचा केवळ भास निर्माण करणारी सुई, वापरलेली नव्हती. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याने ६४ अभ्यास तपासले. खोट्या ॲक्युपंक्चरशी तुलना करता त्यात मिळालेला फायदा लहान होता आणि पुराव्याचा दर्जा कमी होता.

मेंदूच्या चित्रात दिसलेला बदल आणि रुग्णाची सुधारणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जाहिरातींत त्यांची सर्रास गल्लत होते, आणि अशा भरवशावर रुग्णाने चालू औषधे परस्पर बंद केली तर आजार उलटू शकतो.

खोटी सुई रुग्णाला ओळखता येऊ शकते; ही अडचण टाळण्यासाठी ऑस्ट्रेलियात मंद लेसरचा मार्ग वापरला गेला. हा किरण त्वचेला जाणवत नाही, त्यामुळे तो चालू आहे की बंद हे रुग्णाला ओळखता येत नाही. त्या प्रयोगांतही नैराश्यग्रस्तांच्या डिफॉल्ट मोड जाळ्यात बदल नोंदले गेले.