शोकनायक

शोकात्मिकेतील (ट्रॅजेडीतील) प्रमुख व्यक्तिरेखा. स्वतःच्या कृतीतून सर्वनाश ओढवून घेऊनही जी प्रेक्षकाची सहानुभूती गमावत नाही, ती शोकनायक ठरते. नायकात दोष आहे आणि शेवटी तो मरतो, एवढ्या भांडवलावर हे बिरुद वाटले जाते. ते पुरेसे नाही.

कल्पनेचे मूळ ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या (इ. स. पू. 384–322) काव्यशास्त्रातील तेराव्या प्रकरणात आहे. निर्दोष सज्जनाची दुर्दशा पाहून मन विटते, दुष्टाची पाहून न्याय झाल्यासारखे वाटते. करुणा आणि भीती जागवतो तो या दोघांच्या मधला माणूस. तो दुर्गुणापायी नव्हे, तर हातून घडलेल्या प्रमादापायी कोसळतो. हा प्रमाद कृतीतला की स्वभावातला, हा वाद अजून मिटलेला नाही. ग्रीक नाटककार सॉफोक्लीझच्या इडिपस राजापुढे ‘स्वभावदोष’ हे उत्तर तोकडे पडते. तो तापट आहे खरा, पण तिठ्यावर ज्याला त्याने मारले तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. शिवाय ज्या बुद्धीने त्याने कोडे सोडवून थीब्ज नगर वाचवले, तीच बुद्धी सत्याचा पिच्छा पुरवून त्याला उघडे पाडते.

दोषाला मध्यवर्ती स्थान मिळाले ते मुख्यतः शेक्सपिअरच्या अभ्यासातून. इंग्रज समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी 1904 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखवले की नायकाला भोवणारा स्वभावविशेष बहुधा त्याच्या मोठेपणाचाही भाग असतो. हा निकष फार उपयोगी आहे. मॅकबेथ खुनी आहे. मध्यममार्गी सज्जन तो नव्हेच. पण आपण काय गमावतो आहोत हे त्याला खून करण्याआधीपासून कळते, आणि त्याची कल्पनाशक्तीच त्याला छळते. याउलट शेक्सपिअरचाच खलनायक राजा तिसरा रिचर्ड बराच काळ आपल्या कपटाची मजा लुटतो. त्याच्या पतनाने प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो.

मराठीत हा प्रश्न राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’तील (1919) सुधाकराभोवती घोटाळतो. दारू हा त्याचा दोष मानला, तर नाटक व्यसनमुक्तीचे प्रचारनाट्य होते आणि तो केवळ बळी. वास्तविक दारू नंतर येते. आधी आहे तो मानीपणा. याच तेजस्वी, हट्टी वृत्तीचा हा वकील कोर्टातला अपमान आणि सनद रद्द होणे पचवू शकत नाही, आणि त्या जखमेवर त्याचा मद्यपी कारकून तळीराम प्याला पुढे करतो. पुढे सुधाकर आपल्या अधःपाताचे विश्लेषण स्वतःच नेमकेपणाने करतो, पण त्या जाणिवेतून सुटकेचे बळ येत नाही. त्याची पत्नी सिंधू हिच्या सोशिकपणामुळे सगळी करुणा तिच्याकडे ओढली जाते, हा मात्र त्याच्या शोकनायकत्वावरचा सर्वांत जड आक्षेप आहे. तरीही त्याला ते पद नाकारणे अन्यायाचे वाटते.

नायक राजकुलातला असावा, ही अट आधुनिक रंगभूमीने मोडली. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांनी 1949 सालच्या एका निबंधात सामान्य माणूसही शोकात्मिकेचा विषय होऊ शकतो असे प्रतिपादन केले. स्वतःची प्रतिष्ठा राखण्यासाठी प्राण पणाला लावण्याची तयारी त्यांना निर्णायक वाटली. त्यांच्याच ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकातील नायक विली लोमनवर मात्र आक्षेप आला की त्याला अखेरपर्यंत आत्मज्ञान होत नाही. हे ज्ञान नायकाला झाले पाहिजे की प्रेक्षकाला झाले तरी चालेल, यावर त्या नाटकाविषयीचे मत ठरते.

काही नाटकांत तर शोकनायक कोण, हेच ठरवावे लागते. सॉफोक्लीझच्या ‘अँटिगनी’ या नाटकाचे शीर्षक जिच्या नावाचे, ती आपल्या निर्णयावर पहिल्यापासून ठाम आहे. हट्टाने चुकणारा, उशिरा शहाणा होणारा आणि मुलगा व बायको दोघांना गमावून मागे उरणारा आहे तो तिला शिक्षा देणारा राजा क्रेऑन.