पेंटोबार्बिटलची बाटली आणि निवाऱ्याची नोंदवही

दयामरणाचं इंजेक्शन दिल्यावर प्राणी गुदमरून मरतो, असा समज बराच पसरलेला आहे. श्वास थांबतो हे खरं, पण त्याआधी भान गेलेलं असतं. सगळं या क्रमावर अवलंबून आहे.

या इंजेक्शनातलं पेंटोबार्बिटल हे मुळात भुलीचं औषध. मेंदूतल्या चेतापेशींवर गाबा या रसायनाचे ग्राहक, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, असतात. गाबा तिथे चिकटलं की वाट उघडते, ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी संदेश पाठवेनाशी होते. पेंटोबार्बिटल ही वाट जास्त वेळ उघडी ठेवतं. मात्रा मोठी असेल तर गाबा नसतानाही ती उघडतं, म्हणूनच डायझेपाम या गुंगीच्या औषधाच्या परिणामाला पडणारी मर्यादा याला पडत नाही. आधी प्रमस्तिष्काचं बाह्यक, म्हणजे मोठ्या मेंदूचा बाहेरचा थर, थंडावतं, मग मेंदूच्या तळाकडच्या लंबमज्जेतलं श्वसनकेंद्र आणि शेवटी हृदय. शिरेतून दिल्यास भान काही सेकंदांत हरपतं. हृदय मात्र त्यानंतर काही मिनिटं चालू राहू शकतं. मधे येणारे आचके प्रतिक्षिप्त असतात. डोळे उघडे राहिले म्हणजे जीव अडकला, ही निव्वळ अंधश्रद्धा. पापण्या मिटायला स्नायू आकुंचन पावावे लागतात, आणि ते काम थांबलेलं असतं.

चुका होतात त्या शिरेपाशी. द्रावण तीव्र अल्कधर्मी असतं. सुई शिरेबाहेर गेली तर आग होते आणि औषध रक्तात सावकाश पोचतं. अशा वेळी मेंदूतलं नियंत्रण आधी सुटतं, भूल मागून येते आणि प्राणी हातपाय झाडतो. म्हणून घाबरलेल्या जनावराला आधी गुंगीचं औषध द्यावं आणि शक्यतो शिरेत कॅथेटर (बारीक नळी) बसवावा. शुद्धीवरच्या प्राण्याच्या हृदयात थेट सुई खुपसणं अक्षम्य आहे. नंतर स्टेथोस्कोपने ठोके थांबल्याची खात्री करायची, बुबुळाला स्पर्श करून पापणी हलते का ते पाहायचं. त्याआधी देह शीतपेटीत ठेवायचा नाही. देह उघड्यावर टाकला तर तो खाणारी गिधाडंही मरतात, कारण औषध मांसात टिकून राहतं.

प्राण्यांच्या निवाऱ्याचा कारभार किती पारदर्शक आहे, याचा उत्तम पुरावा याच बाटलीत असतो. पेंटोबार्बिटल १९७१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित औषध आहे, त्यामुळे त्याचा हिशेब ठेवणं आलंच. ३९० मि.ग्रॅ. प्रति मि.लि. तीव्रतेचं द्रावण साधारण साडेचार किलो वजनाला १ मि.लि. लागतं, १८ किलोच्या कुत्र्याला ४ मि.लि. नोंदवहीतली वजनं आणि संपलेलं औषध जुळत नसेल, तर मात्रा कमी दिली गेली, औषध बाहेर गेलं, किंवा काही मृत्यू नोंदलेच गेले नाहीत.

निवारे जाहीर करतात त्या जगण्याच्या टक्केवारीवर मात्र लगेच भुलू नये. समजा १००० प्राण्यांपैकी ८०० दत्तक गेले, १५० जणांना दयामरण दिलं आणि ५० निवाऱ्यातच मेले: जगण्याचं प्रमाण ८० टक्के. आता मालकांच्या विनंतीवरून दिलेली १०० दयामरणं आणि ते ५० मृत्यू हिशेबातून वगळा. तोच निवारा ९४ टक्क्यांवर जातो आणि ९० टक्क्यांच्या रूढ निकषावर ‘नो-किल’, म्हणजे प्राणी न मारणारा, म्हणवून घेतो. त्यामुळे फलकावरचा आकडा वाचताना छेदात कोण धरलं आणि कोण वगळलं, हे आधी विचारावं, आणि प्रत्येक दयामरणाचं लेखी कारण मागावं.