चढायला सगळ्यांना येतं, उतरवून कोण घेणार? साथीच्या काळातल्या क्रूझमागचा इतिहास

कुठे साथीची बातमी आली की आठवड्याभरात क्रूझचे रेट पडतात, आणि मग फॅमिली ग्रुपवर प्रश्न येतोच, की एवढं स्वस्तात मिळतंय, जावं का? उत्तरं पण ठरलेली असतात, एक म्हणणार काही होत नाही मास्क लावा, दुसरा म्हणणार वेड लागलंय का. मला वाटतं या वादात मुद्द्याची गोष्ट राहूनच जाते. आजार तुम्हाला लोकलमध्ये, लग्नात, ऑफिसात कुठेही गाठू शकतो. जहाजाचं वेगळेपण हे आहे की तिथे आजार निघाला तर तुम्हाला जमिनीवर घ्यायचं की नाही हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. हे आजचं नाही, शेकडो वर्षांचं आहे, म्हणून थोडं मागे जाऊन बघूया.

१३७७ मध्ये रगूसाने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना शहराबाहेर ३० दिवस थांबवायचा नियम केला, पुढे व्हेनिस वगैरे बंदरांनी तो ४० दिवसांवर नेला. तेव्हापासून बंदराचं काम फक्त माल उतरवणं राहिलं नाही, संशयित जहाज लांब उभं करणं हेही त्यात आलं. आपल्याकडे याचा दणका बसला १८९६ ला. मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि बघता बघता मुंबईहून निघणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे जगभरची बंदरं संशयाने बघायला लागली. १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, त्याच वर्षी मुंबईहून जाणारी हज यात्रेकरूंची वाहतूक सरकारला थांबवावी लागली, आणि एरवीही यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटीनमध्ये दिवस काढावे लागत.

१९१८ चा फ्लूही मुंबईत बंदराच्याच वाटेने आला असं मानतात, जूनमध्ये सुरुवातीला तापाने आडवे झालेल्यांत गोदीवर ड्यूटी असलेला पोलीस शिपाई होता. पण त्या साथीत जहाजाला आत घेणं आणि न घेणं यात किती फरक पडतो ते बघायचं तर सामोआ बघा. न्यूझीलंडच्या ताब्यातल्या पश्चिम सामोआत नोव्हेंबर १९१८ मध्ये 'तालून' नावाचं जहाज आजारी माणसं घेऊन आलं, त्याला धक्क्याला लागू दिलं, आणि थोड्याच आठवड्यांत तिथली पाचातली एक व्यक्ती गेली. शेजारच्याच अमेरिकन सामोआने जहाजांवर कडक बंदी ठेवली, तिथे फ्लूने एकही मृत्यू झाला नाही. हे उदाहरण आरोग्य खात्यातली माणसं आजही देतात, आणि म्हणूनच साथ आली की बंदरवाल्यांचा पहिला विचार हाच असतो की नको, लांबच ठेवा. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

फरक एवढाच की तेव्हाची माणसं गरजेपोटी बोटीत बसायची, नोकरी, यात्रा, गावाला जाणं. भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोट पकडणाऱ्याला 'जाऊ की नको' हा चॉइस फारसा नव्हताच. निव्वळ मजेसाठी समुद्रावर जायचं, तेही हजारोंनी, हे मोठ्या प्रमाणावर १९७० नंतर सुरू झालं. आणि जहाजं वाढतच गेली, २०२४ ला आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' वर प्रवासी आणि क्रू धरून १० हजारांच्या आसपास माणसं मावतात, म्हणजे एक छोटं गावच, पण दवाखाना मोजक्या बेडचा.

जहाजावर पोटाचे आजार पसरतात हे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेला लवकर कळलं होतं, त्यांचा जहाज स्वच्छता तपासणीचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून आहे. ३ टक्के किंवा जास्त प्रवाशांना किंवा क्रूला जुलाब-उलट्या झाल्या की ती साथ म्हणून जाहीर होते. बहुतेक वेळा कारण नोरोव्हायरस असतो. (यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात, जाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवाच.) पण नोरोचा त्रास दोन-तीन दिवसांचा, त्यामुळे कंपन्या आणि प्रवासी दोघांनाही सवय झाली, की होतं कधीकधी, रूम साफ करायची आणि पुढचं सेलिंग.

खरी धोक्याची घंटा २०१४ मध्ये वाजली होती, तिकडे कोणी नीट लक्ष दिलं नाही. डॅलसच्या ज्या हॉस्पिटलात इबोलाचा पेशंट होता तिथली एक लॅब कर्मचारी 'कार्निव्हल मॅजिक' वर सुट्टीला गेली होती. तिला काही लक्षणं नव्हती, तरी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाने उतरवून घेतलं नाही, मेक्सिकोनेही जहाज येऊ दिलं नाही. शेवटी टेस्ट निगेटिव्ह आली. म्हणजे आजार नव्हताच, फक्त शंका होती, आणि तेवढ्यावर हजारो लोकांचं जहाज परत फिरलं.

मग २०२०. 'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज २० जानेवारीला जपानच्या योकोहामाहून निघालं. हाँगकाँगचा एक प्रवासी २५ तारखेला हाँगकाँगला उतरला आणि १ फेब्रुवारीला तो कोविड पॉझिटिव्ह असल्याचं कळलं. जहाज ३ च्या रात्री योकोहामाला परत आलं, ४ ला टेस्टिंग चालू असतानाच जहाजावरचं नेहमीचं फिरणं-खाणं बरंचसं सुरूच होतं, ५ ला सकाळी सांगितलं की १० जण पॉझिटिव्ह आहेत, आता सगळ्यांनी केबिनमध्ये बसा. एकूण ३,७११ माणसं, त्यात हजारावर क्रू. ज्यांची केबिन आतल्या बाजूची, खिडकी नसलेली, त्यांना आळीपाळीने थोडा वेळ डेकवर सोडायचे. शेवटी ७१२ जणांना लागण झाली, त्यातल्या जवळपास निम्म्यांना टेस्टच्या वेळी काहीच लक्षणं नव्हती, आणि लक्षणाशिवाय कोविड पसरतो हे जगाला तिथूनच ठळक दिसलं.

यातली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. प्रवासी केबिनमध्ये बंद होते, पण त्यांच्या दारात तीन वेळचं जेवण ठेवणारा क्रू बंद नव्हता. तो खाली दोघा-दोघांच्या खोलीत झोपत होता, एकाच मेसमध्ये जेवत होता आणि परत ट्रे घेऊन वर जात होता. क्रूमधल्या सुरुवातीच्या २० केसेसपैकी १५ जण खानपान विभागातले निघाले. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ क्रू. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ करून सरकारकडे मदत मागितली, १६ भारतीय पॉझिटिव्ह आले, आणि २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ जणांना दिल्लीला आणून पुढे मानेसरला क्वारंटीन केलं. क्वारंटीन नेमकं कोणासाठी होतं हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

त्याच सुमारास 'वेस्टरडॅम' हे दुसरं क्रूझ जहाज दारोदार फिरत होतं. जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड सगळ्यांनी नाही म्हटलं, शेवटी कंबोडियाने सिहानूकविल बंदरात घेतलं. आणि सिडनीत याच्या उलट झालं, १९ मार्चला 'रूबी प्रिन्सेस' मधून २,६०० च्या वर प्रवासी टेस्टचे रिपोर्ट यायच्या आधीच घरी जाऊ दिले, त्या जहाजाशी जोडलेले २८ मृत्यू झाले आणि चौकशी आयोगाने तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या आरोग्य खात्यावर गंभीर चुकांचा ठपका ठेवला. बंदर बंद ठेवलं तर आतले अडकतात, घाईत उघडलं तर बाहेरचे मरतात, आणि दोन्ही वेळेला निर्णय प्रवाशाच्या हातात नसतो.

मग जबाबदारी कोणाची? डायमंड प्रिन्सेसवर झेंडा ब्रिटनचा, कंपनी अमेरिकन, पाणी जपानचं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ सांगतात की फक्त आरोग्याच्या कारणाने जहाजाला बंदर नाकारू नये, पण त्या बंदरात सोय नसेल तर दुसरीकडे पाठवता येतं, आणि २०२० मध्ये नाही म्हणणाऱ्या बंदरांना कोणी थांबवू शकलं नाही हे आपण पाहिलंच.

आपल्या बाजूला याची झळ सगळ्यात जास्त गोव्याला बसली, कारण तिथे घराघरात तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारी माणसं. एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी' हे क्रूझ जहाज मुंबईच्या बाहेर उभं होतं, घर डोळ्यांसमोर आणि उतरायची परवानगी नाही. केंद्राने खलाशांच्या चढण्या-उतरण्याची नियमावली काढली तेव्हा कुठे २३ एप्रिलला साधारण दीडशे भारतीय क्रूला मुंबईत उतरवलं. २०२० च्या अखेरीला जगभरात सगळ्या प्रकारच्या जहाजांवर मिळून ४ लाख खलाशी करार संपूनही अडकलेले होते असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता.

आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर, लसी आल्यावर, जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबई-गोवा क्रूझ 'कॉर्डेलिया' चं तेच झालं. न्यू इयरचे प्रवासी, क्रूमधला एक जण पॉझिटिव्ह, मुरगावला दोन हजारांच्या टेस्ट, त्यात ६६ पॉझिटिव्ह, आणि जहाज बहुतेकांना घेऊन मुंबईला परत. मुंबईत पुन्हा टेस्ट केल्या तर आणखी केसेस निघाल्या. त्याच्या काहीच दिवस आधी, ३० डिसेंबर २०२१ ला, सीडीसीने स्पष्ट सांगितलं होतं की लस घेतली असली तरी क्रूझ टाळा.

त्यामुळे कोणी विचारलं की जाऊ का, तर मी आधी रेटबद्दल बोलतच नाही. वाटेतली बंदरं कोणती, त्यांनी मागच्या वेळी कोणाला परत पाठवलं होतं, साथ जाहीर झाल्यावर काढलेला इन्शुरन्स त्या साथीचे पैसे देतो का (बऱ्याच पॉलिसी देत नाहीत), आणि घरी परतायला पंधरा दिवस उशीर झाला तर आईबाबांच्या गोळ्या पुरतील का, हे विचारते. बीपी-शुगरची किंवा सत्तरीची माणसं बरोबर असतील तर माझं उत्तर सरळ नाही असतं, कितीही डिस्काउंट असला तरी.