लाल सिग्नलपुढचे १२० मीटर

लोकलच्या मार्गावरचा ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल, तर त्याच्या आधीचा सिग्नल पिवळा व्हायला एक अट असते: लाल सिग्नलच्या पुढेही किमान १२० मीटर रूळ मोकळा हवा. याला ओव्हरलॅप म्हणतात. गाडी चुकून लाल ओलांडून गेलीच, तर तिला थांबायला ही राखीव जागा. आता हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ताशी ३ किलोमीटरने उतरत गेला, तरी थांबायला २० सेकंद आणि सुमारे १६७ मीटर लागतात. म्हणजे मोटरमनचं लक्ष लाल दिव्यापाशी पोहोचल्यावर गेलं, तर राखीव जागा अपुरी पडते. शंभर वर्षांत मुंबईत आलेली बहुतेक सुरक्षा यंत्रणा हीच तूट भरून काढण्यासाठी आली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, तेव्हा प्रश्न एवढा बिकट नव्हता. दोन स्टेशनांच्या मध्ये एकावेळी एकच गाडी, ही पद्धत पुढे बराच काळ पुरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी आली, गाड्या वाढल्या आणि १९२८ मध्ये व्हीटी ते भायखळा या पट्ट्यात रंगीत दिव्यांचे ऑटोमॅटिक सिग्नल लागले. इथून सिग्नल गाडीच स्वतः बदलू लागली.

ते घडतं ट्रॅक सर्किटमुळे. रुळांचा एक तुकडा इन्सुलेशनने वेगळा करायचा, एका टोकाला बारीक वीज सोडायची, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. गाडी आली की चाकं आणि त्यांना जोडणारा ॲक्सल दोन्ही रूळ जोडतात, वीज रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले आपल्याच वजनाने खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. केबल तुटली, वीज गेली, रूळ मोडून पडला, तरी निकाल बहुधा तोच: लाल. बिघाड झाला तर गाड्या थांबतील, पण खोटा हिरवा दिसणार नाही, ही त्यामागची शिस्त.

पावसाळ्यात हीच शिस्त लोकल अडवते. खडीत चिखल आणि प्लास्टिक साचलं, वर पाणी चढलं, की वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपते आणि गाडी नसतानाही रिले पडतो. शीव-कुर्ला किंवा मस्जिदच्या सखल भागात 'सिग्नल बिघाड' ऐकू येतो, त्यातल्या बऱ्याच वेळा दिवा ठणठणीत असतो. भिजलेला असतो खालचा ट्रॅक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तर अख्खं जाळंच थांबलं. यावर उपाय म्हणून ॲक्सल काउंटर येतात: तुकड्यात किती ॲक्सल शिरले, किती बाहेर पडले, एवढंच ते मोजतात. खडी ओली असली तरी मोजणी चालते. मात्र मोडलेला रूळ त्यांना कळत नाही. शिवाय मोजणी चुकली की तुकडा खरोखर रिकामा असल्याची खात्री करूनच रिसेट करावं लागतं. घाईचा रिसेट धोक्याचा.

मोटरमनच्या चुकीवर उपाय म्हणून १९८० आणि ९० च्या दशकांत उपनगरी मार्गांवर एडब्ल्यूएस (ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम) ही इशारा यंत्रणा आली. सिग्नलपाशी रुळालगत चुंबक, गाडीखाली दुसरा. पिवळ्यावर केबिनमध्ये इशारा वाजतो; मोटरमनने वेळेत बटण दाबून पोच दिली नाही किंवा लाल ओलांडला, तर ब्रेक आपोआप लागतो. या यंत्रणेने मुंबईला मोठा आधार दिला आहे. तिची मर्यादा एकच: गाडीला जे कळतं ते चुंबकापाशीच. दोन सिग्नलांच्या मधल्या अंतरात तिला नवं काही कळत नाही.

आमच्या मते खरा धोका याच्याही पुढे, बंद पडलेल्या सिग्नलवर असतो. नियमाने ऑटोमॅटिक लाल सिग्नलपाशी दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबायचं आणि मग डोळ्यात तेल घालून, फार तर ताशी १५ किलोमीटरने पुढचा सिग्नल गाठायचा. इथे यंत्र बाजूला होतं आणि सगळी भिस्त माणसावर येते. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी आंध्रात कंटकापल्लीजवळ एक पॅसेंजर दोन नादुरुस्त ऑटोमॅटिक सिग्नल नियम न पाळता ओलांडून पुढच्या पॅसेंजरवर आदळली. १७ जून २०२४ ला उत्तर बंगालमध्ये मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली, तेव्हाही सिग्नल पहाटेपासून बंद होते आणि चालकाला दिलेल्या लेखी परवानगीत वेगमर्यादाच नव्हती. चौकशीतून पुढे आलेली गोष्ट चटका लावते: त्या सकाळी तिथून गेलेल्या गाड्यांपैकी नियम पाळला तो कांचनजंगानेच.

सिग्नल बंद असतानाही पुढे गाडी आहे हे कळावं, या दिशेचा पहिला मोठा प्रयत्न नवी मुंबईतून झाला. १९९९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या गैसलला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर बेलापूरला मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वेने, अभियंते बी. राजाराम यांच्या पुढाकाराने, टक्करविरोधी यंत्र तयार केलं. ते जीपीएसवर चालायचं. एकेरी मार्गावर कल्पना उत्तम, पण शेजारच्या दोन मार्गांत पाचेक मीटरचंच अंतर असतं आणि गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे हे जीपीएसला खात्रीने सांगता येईना. दादर-कुर्ल्यासारख्या अनेक रुळांच्या ठिकाणी तर ते चालणं शक्यच नव्हतं.

'कवच' या गाडी आपोआप थांबवणाऱ्या भारतीय प्रणालीने ती अडचण स्लीपरवर बसवलेल्या, रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या आरएफआयडी टॅगने सोडवली. इंजिनाखालचा रीडर टॅग वाचतो, त्यातून रूळ आणि जागा दोन्ही कळतात, आणि पुढे किती अंतर जायची मुभा आहे ते रेडिओवरून सतत येत राहतं. २०१६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेवर प्रवासी गाड्यांत चाचण्या सुरू झाल्या, २०२० मध्ये त्याला राष्ट्रीय प्रणालीचा दर्जा मिळाला. ४ मार्च २०२२ च्या चाचणीत इंजिन समोरच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबलं.

मुंबईला सुरक्षेइतकीच दोन गाड्यांमधला वेळ कमी करण्याची निकड आहे. आज तो १८० सेकंद आहे. तो १२० वर आणायचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३ए या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात सीबीटीसी, म्हणजे गाडीशी सतत रेडिओ संपर्क ठेवणारी नियंत्रण प्रणाली होती. त्यात ठरावीक तुकडे नसतात, पुढची गाडी सरकते तशी मागचीची हद्द सरकते. मेट्रोला ते सोपं, कारण तिच्या रुळांवर दुसऱ्या कुणाची गाडी येत नाही. कल्याण-सीएसएमटी मार्गावर मात्र लोकलच्या आगेमागे देशभरातून आलेली इंजिनं मेल-एक्सप्रेस ओढत असतात. त्यातल्या एकावर जरी ते उपकरण नसलं, तरी त्या गाडीच्या मागच्या लोकलला पुन्हा जुन्या तुकड्यांच्या हिशेबानेच चालावं लागतं. म्हणूनच २०२५ मध्ये उपनगरी मार्गांसाठी कवच ५.० ची घोषणा झाली, हे आम्हाला पटतं: मेल-एक्सप्रेसच्या इंजिनांवर कवच बसतंच आहे, तेव्हा लोकल आणि मेल दोघींनाही एकाच प्रणालीची भाषा कळेल.